एका वर्गातून एका वाटेवर

कॉलेज सुटले की वर्ग पांगतो. पंचवीस-तीस वर्षांनी एखादा उत्साही वर्गमित्र पत्ते गोळा करतो, स्नेहमेळावा ठरतो आणि मग बातम्यांना ऊत येतो. कोणी नर्सिंग होम बांधले, कोणाची मुलगी लग्न होऊन न्यू जर्सीला गेली, कोण विभागप्रमुख होऊन निवृत्त झाला, कोणाचे दोन्ही गुडघे बदलले. या बातम्यांत आनंद असतो, थोडी तुलनाही असते. ती कोणी बोलून दाखवत नाही एवढेच.

अशाच हजेरीपटांवर काही नावे मात्र निराळी निघतात. त्यांचा पत्ता विचारला तर तालुक्याचे किंवा एखाद्या पाड्याचे नाव सांगितले जाते. विशेष म्हणजे ही नावे बहुधा जोडीने येतात. एकाच वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दोघे, एकमेकांना जन्माचे सोबती म्हणून निवडलेले आणि मग एकाच आडवाटेला लागलेले. अशा काही जोड्यांचे पुढे काय झाले, त्यांच्या व्यवसायाचे, संसाराचे आणि समाजकार्याचे गणित कसे जमले, ते पाहण्यासारखे आहे.

वेल्लोरच्या वर्गातले पहिले दोन

तामिळनाडूतील वेल्लोर येथे डॉ. आयडा स्कडर यांनी १९१८ साली मुलींसाठी वैद्यकीय शाळा सुरू केली. पुढे तिचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज झाले आणि १९४७ पासून तेथे मुलांनाही प्रवेश मिळू लागला. त्यानंतर काही वर्षांनी तेथे दाखल झालेल्यांत अहमदनगर जिल्ह्यातील शिक्षक आईवडिलांचा मुलगा रजनीकांत आरोळे आणि जबलपूरची मेबल इमॅन्युएल हे दोघे होते. १९५९ साली दोघेही डॉक्टर झाले. वर्गात मेबल पहिली आली आणि रजनीकांत दुसरे. पहिल्या क्रमांकाच्या मुलीशी दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाने लग्न केले ते १९६० साली. खेड्यातल्या उपेक्षित माणसांसाठी आयुष्य घालवायचे, असे उभयतांनी लग्नाच्या वेळीच ठरवले होते.

लग्नाच्या दिवशी केलेले संकल्प संसाराच्या पहिल्या खर्चात विरून जातात, असा सर्वसाधारण अनुभव. येथे तसे घडले नाही. अहमदनगर जिल्ह्यातीलच वडाळा येथील मिशन इस्पितळात दोघांनी काही वर्षे काम केले. रोगी यायचे, बरे होऊन जायचे आणि तोच आजार घेऊन पुन्हा दारात उभे राहायचे. अस्वच्छ पाणी, अपुरे अन्न आणि अज्ञान यांवर इस्पितळात इंजेक्शन नव्हते. पुढील शिक्षणासाठी दोघे अमेरिकेला गेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि १९७० साली परत येऊन थेट जामखेड गाठले. हा तालुका आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात येतो. त्या वेळी तो दुष्काळी आणि मागास म्हणून ओळखला जाई.

जामखेडच्या कामाचे खरे वैशिष्ट्य म्हणजे तेथील आरोग्यसेविका. सुरुवातीला प्रशिक्षित परिचारिका गावोगाव ठेवण्याचा विचार होता; पण बाहेरच्या मुली खेड्यात टिकेनात. तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी, असे ठरले. निवडलेल्या स्त्रियांपैकी कित्येक दलित होत्या, कित्येक निरक्षर. त्यांना बाळंतपण, हगवणीवर मीठसाखरेचे पाणी, लसीकरण, कुष्ठरोगाची लक्षणे ओळखणे हे सारे शिकवण्यात आले. ज्या बाईला गावात घराच्या उंबऱ्याबाहेर उभे करीत, तिलाच सवर्णांच्या घरातली सून बाळंतपणासाठी बोलावू लागली. १९७२ च्या दुष्काळात विंधनविहिरी खोदण्याची वेळ आली, तेव्हा हातपंप शक्यतो दलित वस्तीत लागतील अशी जागा आरोळे दांपत्याने बघायला लावली. पाण्यासाठी साऱ्या गावाला त्या वस्तीत जावे लागले. हजार भाषणांनी झाले नसते ते एका हातपंपाने झाले.

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या आरोग्यसेवांवर एक पुस्तक काढले. त्यात जामखेडचा समावेश होता. १९७९ साली दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले. त्यांची कन्या डॉ. शोभा यांनी काम पुढे चालवले.

शस्त्रक्रियेला दोघे लागतात

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची गोष्ट त्यानंतरची. प्रकाश आमटे तेथे शिकत होते. वडील बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ कुष्ठरोग्यांसाठी उभारलेले आनंदवन हेच त्यांचे घर. त्यामुळे समाजसेवा त्यांना नवी नव्हती. बाबांनी एकदा मुलांना सहलीसाठी म्हणून भामरागडच्या जंगलात नेले. तेथील माडिया गोंड आदिवासींची अवस्था पाहून प्रकाश यांनी तेथे येऊन काम करण्याचा शब्द वडिलांना दिला.

खरी परीक्षा होती ती मंदाकिनी देशपांडे यांची. त्याही नागपूरच्याच महाविद्यालयातल्या. पदव्युत्तर शिक्षणात प्रकाश यांचा विषय शल्यचिकित्सा आणि त्यांचा भूलशास्त्र, म्हणजे ओळख शस्त्रक्रियागृहातली. आपल्याला कुठे जायचे आहे हे प्रकाश यांनी लग्नाआधीच स्पष्ट सांगितले आणि मंदाकिनी यांनी ते समजून उमजून स्वीकारले. १९७२ च्या डिसेंबरमध्ये लग्न झाले. १९७३ च्या डिसेंबरमध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ झाला आणि १९७४ साली हे जोडपे तेथे राहायला गेले.

त्या वेळी गडचिरोली जिल्हाही अस्तित्वात नव्हता. तो चंद्रपूरमधून १९८२ साली वेगळा झाला. रस्ता नाही, वीज नाही, पावसाळ्यात नद्यांना पूर आला की जगाशी संबंध तुटलेला. भाषा वेगळी, आणि डॉक्टर म्हणजे काय हे माणसांना ठाऊक नाही. रोग्यांच्या अंगावर पुरते वस्त्र नाही, हे पाहून डॉ. प्रकाश यांनी बनियन आणि अर्धी विजार एवढाच पोशाख ठेवला. कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया झाल्या.

या गोष्टीतला एक धडा सहसा सांगितला जात नाही. शस्त्रक्रियेला दोघे लागतात. एकाने शस्त्र चालवायचे तर दुसऱ्याने भूल द्यायची आणि रोग्याचा श्वास सांभाळायचा. शहरात दुसरा माणूस फोन केला की येतो. जंगलात तो घरातच असावा लागतो. डॉ. मंदाकिनी केवळ नवऱ्याच्या मागोमाग गेलेली पत्नी असत्या, तर त्यांच्या त्यागाचे कौतुक झाले असते, पण शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा रोगी वाचला नसता. २००८ साली मॅगसेसे पुरस्कार दोघांच्या नावाने जाहीर झाला, तो योग्यच होता.

तिने विचारले म्हणून कळले

याच नागपूरच्या महाविद्यालयात वर्ध्याचे अभय बंग आणि चंद्रपूरच्या राणी चारी हे वर्गमित्र होते. अभय यांनी औषधवैद्यकात आणि राणी यांनी स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली, दोघांनीही सुवर्णपदके मिळवली. १९७७ साली त्यांचे लग्न झाले. वर्ध्याच्या परिसरात त्यांनी काम सुरू केले. शेतमजुरांच्या किमान वेतनाचा प्रश्न अभय यांनी आकडेवारीनिशी मांडला आणि पुढे रोजची चार रुपये मजुरी बारा रुपये झाली. संशोधनाने लोकांच्या चुलीत काही पडू शकते, हे त्यांनी तेथे पाहिले. त्यानंतर दोघांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९८६ साली ते गडचिरोलीत आले. त्यांच्या संस्थेचे नाव 'सर्च'.

सुरुवातीला त्यांनी आदिवासींमधील सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा अभ्यास केला. अभ्यास चांगला झाला. पण हा आमचा पहिला प्रश्न नव्हेच, असे लोकांचे म्हणणे पडले. तेव्हापासून आधी लोकांना विचारायचे, मग काम ठरवायचे, अशी रीत पडली. इस्पितळ कसे हवे असे विचारले, तर उत्तर अनपेक्षित आले. पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, कारण पांढऱ्या कपड्यात आम्ही प्रेत गुंडाळतो. शिवाय रोग्याबरोबर आलेल्या नातेवाइकांनी राहायचे कुठे? म्हणून 'शोधग्राम'मध्ये झोपड्यांच्या वस्तीसारखे इस्पितळ उभे राहिले आणि त्याला आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले.

डॉ. राणी यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्या दिवसांत सरकारी आरोग्यसेवेच्या लेखी स्त्री म्हणजे बाळंतीण किंवा कुटुंबनियोजनाची लाभार्थी. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीचा त्रास याबद्दल तिला कोणी विचारीत नव्हते आणि पुरुष डॉक्टरने विचारले असते तरी तिने सांगितले नसते. वर्गातल्या दोन हुशार मुलांपैकी एक स्त्री होती आणि ती स्त्रीरोगतज्ज्ञ होती, म्हणून हा प्रश्न जगापुढे आला.

पुढे नवजात बालकांच्या मृत्यूंचा प्रश्न हाती घेतला गेला. गडचिरोलीच्या ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांना शिकवण्यात आले. जन्मलेल्या बाळाचे वजन घेणे, त्याला ऊबेत ठेवणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्गाची चिन्हे ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कामे त्या घरी जाऊन करू लागल्या. १९९९ च्या डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. २०११ साली केंद्र सरकारने घरोघरच्या नवजात बालसेवेचा कार्यक्रम देशभर स्वीकारला. बाळंतपणानंतर 'आशा' सेविका घरी येऊन बाळाचे वजन करते, त्या भेटीच्या मुळाशी गडचिरोलीचा हा अनुभव आहे. २०१८ साली दोघांना पद्मश्री मिळाली.

केरळहून तामिळनाडूच्या खोऱ्यात

केरळातील अलप्पुझा येथील वैद्यकीय महाविद्यालयात रेजी जॉर्ज आणि ललिता यांची ओळख झाली. तेही लग्न करून डॉक्टरीतले भागीदार झाले. रेजी यांचा विषय भूलशास्त्र, ललिता यांचा स्त्रीरोग व प्रसूती. विषयांची अशी जोडी की, अडलेल्या बाळंतिणीची शस्त्रक्रिया दोघांत पार पडावी. काही काळ गांधीग्रामच्या इस्पितळात काम केल्यावर जिथे डॉक्टर नाही अशी जागा त्यांनी देशभर हिंडून शोधली. १९९३ साली ते तामिळनाडूतील धर्मपुरी जिल्ह्याच्या सित्तिलिंगी खोऱ्यात स्थिरावले. तेथे जन्मलेल्या हजार बाळांपैकी शंभराहून अधिक बाळे वर्षाच्या आत दगावत होती.

आदिवासींनी बांधून दिलेली एक झोपडी हेच त्यांचे पहिले इस्पितळ. गावातल्याच मुलींना त्यांनी परिचारिकेचे काम शिकवले. हळूहळू पक्के इस्पितळ उभे राहिले. मग त्यांच्या लक्षात आले की, रोगी बरा होऊन पुन्हा उपाशी घरीच जातो. म्हणून शेतकऱ्यांचा सेंद्रिय शेतीचा संघ निघाला. खोऱ्यातल्या लंबाडी स्त्रियांचे भरतकाम विसरत चालले होते, त्यालाही 'पोरगाई' या नावाने बाजार मिळाला. पोरगाई म्हणजे त्यांच्या भाषेत अभिमान. लंबाडी म्हणजे आपल्याकडच्या बंजाऱ्यांचेच भाईबंद, त्यामुळे आरसे आणि रंगीत धाग्यांचे ते काम मराठी डोळ्यांना अनोळखी वाटणार नाही.

दिल्लीचा अख्खा गट

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतून निघालेल्या काही तरुण डॉक्टरांनी तर गटच बांधला. बालरोग, शल्यचिकित्सा, औषधवैद्यक असे निरनिराळे विषय आणि त्यांत काही जोडपी. १९९६ साली त्यांनी 'जन स्वास्थ्य सहयोग' ही संस्था स्थापन केली आणि बिलासपूरपासून सुमारे वीस किलोमीटरवरील गनियारी येथे पाटबंधारे खात्याच्या ओसाड पडलेल्या इमारतींत २००० च्या सुमारास इस्पितळ सुरू केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये छत्तीसगड राज्य झाले. अचानकमार जंगलाकडेच्या गावांपर्यंत त्यांची फिरती केंद्रे पोहोचली. आईबाप मजुरीला गेल्यावर सहा महिने ते तीन वर्षांची मुले सांभाळण्यासाठी आणि त्यांना पोटभर खाऊ घालण्यासाठी गावोगाव 'फुलवारी' निघाल्या.

क्षयाचे औषध फुकट मिळते, पण रोग्याचे वजन चाळीस किलोवर जात नाही, हे या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे पाहिले. या गटातले डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव पुढे मंगळुरूच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेले, पण तो प्रश्न त्यांनी सोडला नाही. त्यांच्या पुढाकाराने झारखंडमध्ये २८०० क्षयरोग्यांच्या कुटुंबांचा अभ्यास झाला. रोग्यांना दरमहा दहा किलोचा शिधा देण्यात आला. निम्म्या भागात घरातल्या इतर माणसांनाही तांदूळ आणि डाळ मिळाली. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत साऱ्यांना शिधा मिळाला, तेथे इतरांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरले. घरोघरच्या आजीबाई जे सांगत आल्या, ते आता आकड्यांनी सांगितले. २०२४ साली सरकारने क्षयरोग्यांचे पोषणसाहाय्य दरमहा पाचशेवरून हजार रुपये केले.

घराचा हिशेब

आता कोणत्याही आईवडिलांच्या मनात येईल तो प्रश्न. मुलाला इतके शिकवले, पोटाला चिमटा घेऊन डॉक्टर केले, ते रानात जाऊन बसण्यासाठी? आणि त्यांच्या मुलांनी काय पाप केले? चांगली शाळा नाही, शिकवणी नाही.

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. हेमलकशात लहान मुलाला ताप आला, तर त्याची आई हीच डॉक्टर होती आणि पुराने वाट अडली, तर दुसरे मत विचारायला कोणी नव्हते. ही किंमत या स्त्रियांनी रोज मोजली आहे. पण पुढे काय झाले हेही पाहायला हवे. आमट्यांची मुले प्रकल्पाच्या शाळेत माडिया मुलांबरोबर शिकली. दिगंत डॉक्टर झाले. त्यांच्या पत्नी डॉ. अनघा या गोव्याच्या, स्त्रीरोगतज्ज्ञ. त्या लग्न करून हेमलकशाला आल्या. अनिकेत आणि त्यांच्या पत्नी समीक्षा यांनी शाळेचा व व्यवस्थेचा भार उचलला. त्याच शाळेत शिकून माडिया मुलगेही डॉक्टर झाले. बंग दांपत्याचे आनंद व अमृत हे दोन्ही मुलगे 'सर्च'च्या कामाशी जोडले गेले. समाजकार्यात उतरू पाहणाऱ्या तरुणांसाठी २००६ पासून चाललेल्या 'निर्माण' या उपक्रमाची धुरा अमृत यांनी सांभाळली. मुलांनी आईबापांच्या वाटेने जावे अशी सक्ती नव्हती. पण घरात कटकट, पश्चात्ताप आणि दारिद्र्याचे रडगाणे असते, तर शिकलेली मुले तिथे थांबली नसती.

या सर्व संसारांत एक गोष्ट सारखी आढळते. निर्णय एकाने घेतला आणि दुसऱ्याने निभावून नेला, असे कोठेही नाही. लग्नाआधीच सारे बोलून झाले होते. पगार, घर, मुले आणि राहण्याचे ठिकाण या गोष्टी आधी उघड बोलल्या गेल्या. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात पत्रिका आणि पगार विचारला जातो. तुला आयुष्यात नेमके काय करायचे आहे, हे मात्र कित्येक घरांत अजूनही विचारले जात नाही.

उरलेला वर्ग

सगळ्यांनी भामरागडला जावे, असे कोणी म्हणत नाही आणि ते शक्यही नाही. शहरांतही रोगी आहेत, म्हातारे आईवडील आहेत, कर्जाचे हप्ते आहेत. पण उरलेला वर्ग अगदी रिकाम्या हाताने बसलेला नाही. हेमलकसा आणि शोधग्राम येथे शस्त्रक्रियेची शिबिरे भरतात, तेव्हा नागपूर, मुंबईसारख्या शहरांतले तज्ज्ञ आपला दवाखाना चार दिवस बंद ठेवून जातात. हर्निया, गर्भाशय, मोतीबिंदू अशा वर्षानुवर्षे अडून बसलेल्या शस्त्रक्रिया त्या चार दिवसांत उरकतात. जे डॉक्टर नाहीत, त्यांच्याजवळही काही असते. हिशेब तपासनीस हिशेब लिहून देऊ शकतो, अभियंता पाण्याची टाकी बघू शकतो, निवृत्त शिक्षिका सुट्टीत महिनाभर मुलांना शिकवू शकते.

स्नेहमेळाव्याच्या वर्गणीतून जेवण, सभागृह आणि सर्वांना एकेक पितळी स्मृतिचिन्ह, एवढे सहज निघते. त्यातले स्मृतिचिन्ह वगळले, तर आडगावात गेलेल्या एखाद्या वर्गमित्राच्या दवाखान्यासाठी प्राणवायूचा एक सिलिंडर तरी येईल. मात्र त्यासाठी आधी त्याचा पत्ता कोणीतरी शोधायला हवा. मेळाव्याला न येणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव पुष्कळदा सापडते. त्याला वर्गाचा विसर पडलेला नसतो. मागे दवाखाना सांभाळायला दुसरा डॉक्टर नसतो, म्हणून तो येत नाही.